नकाशात नसलेला डोंगर

८ जानेवारी २००५ रोजी 'यूएसएस सॅन फ्रान्सिस्को' ही अमेरिकी अणुपाणबुडी पॅसिफिकमध्ये, ग्वाम बेटापासून काहीशे किलोमीटरवर, पाण्याखाली सुमारे १६० मीटर खोलीवरून भरवेगात चालली होती. ती थेट एका डोंगरावर आदळली. एक खलाशी दगावला, शंभराच्या आसपास जखमी झाले. पाणबुडीवर जो नकाशा बघून मार्ग आखला होता, त्यात तो डोंगर नव्हताच.

आजही फोनवरच्या नकाशात समुद्रतळाच्या डोंगररांगा सुबक दिसतात, पण त्यातलं बरंचसं चित्र अंदाजाने भरलेलं आहे. अंदाज मात्र शास्त्रशुद्ध आहे. समुद्राखालचा डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी ओढतो, त्यामुळे दोनेक किलोमीटर उंच डोंगरावर समुद्राचा पृष्ठभाग मीटर-दोन मीटर फुगतो. जहाजावरून हे कळणार नाही, उपग्रहाला कळतं. त्यावरून मोठे डोंगर कळतात. लहान टेकड्या, कडे, घळी निसटतात.

खात्रीचं मोजमाप आवाजाचंच. पूर्वी दोरीला शिसं बांधून किती वाव (सुमारे सहा फुटांचं माप) पाणी आहे ते बघत. आता जहाजाच्या तळाशी बसवलेलं मल्टीबीम यंत्र एकाच वेळी शेकडो दिशांना ध्वनी सोडतं आणि परतलेल्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली काढतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे चार किलोमीटर खोल तळाला लागून यायला त्याला पाच सेकंदांहून जास्त लागतात. शिवाय पाण्याचं तापमान आणि खारटपणा बदलला की हा वेगही बदलतो. तो हिशेब चुकला, तर सपाट तळसुद्धा कडांना वाकलेला दिसतो. जहाज संथ चालवायचं, पट्ट्याला पट्टा जोडत जायचं. खर्चिक आणि चिकाटीचं काम आहे हे.

२०१७ मध्ये जगाचा सगळा समुद्रतळ २०३० पर्यंत मोजण्याचा 'सीबेड २०३०' प्रकल्प सुरू झाला, तेव्हा जगाचा जेमतेम ६ टक्के समुद्रतळ असा प्रत्यक्ष मोजलेला होता. २०२५ च्या मध्यावर हा आकडा २७ टक्क्यांवर आला.

नकाशा नसण्याची किंमत २०१४ मध्ये कळली. एमएच ३७० हे मलेशियाचं बेपत्ता झालेलं विमान दक्षिण हिंदी महासागरात शोधायचं ठरलं, पण तळाचा धड नकाशाच नव्हता. तळालगत ओढत न्यायची शोधयंत्रं आंधळेपणाने सोडली तर कड्यावर आदळणार, म्हणून आधी पावणेतीन लाख चौरस किलोमीटर तळ मोजावा लागला. त्या शोधात विमान सापडलं नाही. ज्वालामुखी आणि खोल दऱ्या मात्र सापडल्या.

त्सुनामीचंही गणित खोलीवरच चालतं. चार किलोमीटर खोल पाण्यात लाट ताशी ७०० किलोमीटरने धावते, पन्नास मीटर खोलीवर ताशी ८० वर येते आणि उंच होत जाते. कोणत्या गावात पाणी किती वेळात पोहोचेल, हे किनाऱ्याजवळच्या उताराच्या नकाशाशिवाय सांगता येत नाही. माझ्या मते समुद्रतळ मोजायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आपल्या अरबी समुद्रातही असे डोंगर आहेत. 'सागरकन्या' या संशोधन जहाजाने १९९२ मध्ये शोधलेल्या एका सागरी पर्वताला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांचं नाव आहे. त्याच वर्षी सापडलेल्या, सपाट माथ्याच्या दुसऱ्या पर्वताला भूवैज्ञानिक वाडिया यांचं. शाळेच्या भूगोलात सह्याद्रीची शिखरं पाठ करून घेतात, तिथे यांनाही जागा मिळायला हवी.