निर्यात नियंत्रण

निर्यात नियंत्रण : एखादी वस्तू, यंत्र, कच्चा माल किंवा तांत्रिक माहिती देशाबाहेर जाऊ देण्यावर सरकारने घातलेले बंधन. आयातशुल्काने परक्याचा माल महाग होतो. निर्यात नियंत्रणाने आपला माल परक्याला मिळेनासा होतो. असे प्रत्येक बंधन महासत्तांच्या चढाओढीतून येत नाही. भारताने १ जून २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घातली, ती सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना जाचली. पण तिचा हेतू देशातले भाव आवरण्याचा होता. प्रस्तुत नोंद प्रतिस्पर्ध्याला रोखण्यासाठी किंवा वाकवण्यासाठी होणाऱ्या नियंत्रणापुरती आहे.

शीतयुद्धात अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी १९४९ मध्ये कोकॉम ही समिती स्थापली. तिचे कार्यालय पॅरिसला होते. सोव्हिएत गटाला कोणते तंत्रज्ञान विकायचे नाही याच्या याद्या ती ठरवी. यादीला भोके पडतच. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने पाणबुडीचे पंखे कोरणारी यंत्रे सोव्हिएत युनियनला विकल्याचे १९८७ मध्ये उघड झाले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. कोकॉम १९९४ मध्ये बरखास्त झाली.

भारतालाही या धोरणाची झळ बसली. १९८० च्या दशकात क्रे महासंगणक देताना अमेरिकेने हात आखडता घेतला; १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा स्वदेशी महासंगणक तयार झाला. अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाकडून मिळणार होते, ते अमेरिकी दबावामुळे अडले. मग स्वदेशी इंजिनावरचे जीएसएलव्ही या उपग्रहवाहक रॉकेटचे पहिले यशस्वी उड्डाण व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडला. ही दोन उदाहरणे आपल्याकडे नेहमी एकत्र, अभिमानाने सांगितली जातात. त्यात वेळेचा हिशेब मात्र गाळला जातो: संगणकाला तीन वर्षे पुरली, इंजिनाला दोन दशके लागली. अडवणाऱ्याला हवी असते ती बहुधा ही मधली वर्षेच.

आजची चढाओढ मुख्यतः अमेरिका आणि चीन यांच्यात आहे. २०१८ मध्ये ती शुल्कांनी सुरू झाली आणि लवकरच तंत्रज्ञानावर आली. मे २०१९ मध्ये ह्वावे ही चिनी दूरसंचार कंपनी अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेली. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रगत चिप आणि त्या बनवणारी यंत्रसामग्री चीनला देण्यावर व्यापक बंधने आली. या बंधनांची ताकद बाजारपेठेच्या आकारात नाही, ती पुरवठ्याच्या वाटेवरच्या अरुंद जागांत आहे. अतिसूक्ष्म चिप कोरायला लागणारे टोकाच्या अतिनील किरणांचे (ईयूव्ही) यंत्र जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यामुळे वॉशिंग्टनने द हेगला, म्हणजे डच सरकारला, राजी केले की बीजिंगची वाट बंद होते.

चीनच्या हाती अशीच जागा आहे ती शक्तिशाली चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंची. हे धातू इतरत्रही सापडतात. खनिजातून ते वेगळे काढण्याचे किचकट, प्रदूषण करणारे काम मात्र जवळपास ९० टक्के चीनमध्ये होते. २०१० मध्ये चीनशी बेटांवरून झालेल्या वादात जपानला हा पुरवठा अडला, तेव्हा जपानने ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसा घालून दुसरी वाट तयार केली. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट लावली. हा घाव अमेरिकी शुल्कांना उत्तर म्हणून होता, तरी परवाने अडल्यावर, मोटारींत हे चुंबक लागत असल्याने, भारतातले वाहन उत्पादकही चिंतेत पडले.

सांगली जिल्ह्यात या प्रकाराची जाणीव झाली ती चुंबकांपेक्षा खतांमुळे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातली द्राक्षबाग ठिबकवर चालते आणि ठिबकमधून विद्राव्य खते सोडावी लागतात. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर काडीत घडनिर्मिती होते, त्या काळात शेतकरी ‘झिरो बावन्न चौतीस’ (०:५२:३४, स्फुरद व पालाश देणारे विद्राव्य खत) मागतो. पुढच्या हंगामात वेलीला घड किती लागणार हे तिथेच बरेचसे ठरते, म्हणून ही मात्रा पुढे ढकलता येत नाही. भारतात येणाऱ्या अशा विशेष खतांचा मोठा हिस्सा चीनचा. २०२५ च्या मध्याला भारताकडे निघालेल्या मालाची तपासणी चिनी यंत्रणांनी रखडवली. बंदीचा आदेश कुठेच नव्हता; कागद पुढे सरकत नव्हता, एवढेच. उघड बंदीवर तक्रार करता येते, रखडलेल्या तपासणीवर काय करणार? ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हाच्या चर्चेत खते, दुर्मिळ मृदा धातू आणि बोगदे खोदणारी यंत्रे हे तिन्ही विषय एकत्र होते.

त्याच महिन्यात, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले. त्यातला अर्धा भाग रशियन तेलाच्या खरेदीबद्दल होता. एका उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दोन्ही महासत्तांचा दाब भारताने असा अनुभवला.

निर्बंधाचा असर टिकतो किती, यावर मतभेद आहेत. निर्बंधांनंतरही ह्वावेने ऑगस्ट २०२३ मध्ये चिनी बनावटीच्या ७ नॅनोमीटरच्या प्रगत चिपचा फोन बाजारात आणला. याउलट ईयूव्ही यंत्राची उणीव चीनला भरून काढता आलेली नाही. वस्तू जितकी साधी, तितका पर्याय लवकर निघतो. विद्राव्य खते बनवणे तसे अवघड नाही. ती भारतात पुरेशी बनत नाहीत, कारण चिनी माल स्वस्त पडत होता.

९ ऑक्टोबर २०२५ रोजी चीनने दुर्मिळ मृदा धातूंवरील बंधने आणखी वाढवली. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली आणि ही वाढ वर्षभरासाठी थांबली. एप्रिलची परवाना पद्धत राहिली. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या जुन्या पवनचक्क्यांना याची फिकीर नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांची जनित्रे गिअरबॉक्सवर चालणारी, कायम चुंबक नसलेली आहेत. त्या मोडून तिथे मोठ्या पवनचक्क्या उभारायच्या झाल्या, तर जनित्र कोणत्या बनावटीचे घ्यायचे हे ठरवताना चुंबकाचा पुरवठा हिशेबात धरावा लागेल.