सेवांचे सशर्त नियंत्रण (सर्व्हर स्वयंचलन)

सर्व्हरवर पडद्यामागे चालणारी एखादी सेवा (वेब सर्व्हर, डेटाबेस, घड्याळ जुळवणारी क्रोनी वगैरे) स्क्रिप्टने सुरू, बंद किंवा रीस्टार्ट करण्यापूर्वी मशीनची स्थिती तपासून मगच कमांड देण्याची पद्धत. लिनक्सवर सेवा सांभाळण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी सिस्टमडी (२०१०) करते. अनेक मशिनी एकदम हाताळायला अ‍ॅन्सिबल (२०१२) वापरतात.

यवतमाळ-वर्ध्याकडे जिनिंगमधला वजनकाट्याचा सर्व्हर, बाजार समितीतला संगणक आणि गावच्या सेवा केंद्रातली मशीन जिल्ह्याच्या ठिकाणाहून एकाच स्क्रिप्टने चालवायची, तर अटी घालाव्याच लागतात. लिनक्सच्या डेबियन या प्रकारावर वेब सर्व्हरची जी सेवा ‘अपाचे२’, तीच रॉकी लिनक्स या दुसऱ्या प्रकारावर ‘एचटीटीपीडी’. काट्यावर डेटाबेस असेल, सेवा केंद्रात नसेल.

सेवा बसवलेली आहे का, आत्ता चालू आहे का आणि मशीन सुरू होताच ती आपोआप सुरू व्हायची आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ केल्याने होतात. सिस्टमडीची कमांड ‘सिस्टमसीटीएल इज-अ‍ॅक्टिव्ह’ फक्त दुसऱ्याचे उत्तर देते: चालू असेल तर ० हा परतीचा कोड, बंद असेल तर ३. शेल स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ (कमांडने ० सोडून दुसरा कोड दिला की थांब) असेल, तर हा ३ येताच स्क्रिप्ट तिथेच थांबते. म्हणून तपासणी ‘इफ’च्या आतच लिहावी. सेवा बसवली आहे की नाही हे ‘सिस्टमसीटीएल कॅट’ने पाहावे. चालू असेल तरच रीस्टार्ट करायची असेल, तर ‘ट्राय-रीस्टार्ट’ पुरते, वेगळी अट लागत नाही. अ‍ॅन्सिबलचे ‘रीस्टार्टेड’ ही सूचना मात्र कोणी मुद्दाम बंद ठेवलेली सेवाही सुरू करून टाकते. तिथे आधी ‘सर्व्हिस फॅक्ट्स’ (मशीनवरच्या सेवांची यादी आणि स्थिती) मागवावेत. पण यादीत नाव दिसले म्हणजे सेवा आहे असे धरू नये, कारण ‘नॉट-फाउंड’ शेरा असलेल्या नोंदीही तीत येतात.

लाईन जाऊन आल्यावरची वेळ सगळ्यात नाजूक. अचानक बंद पडलेला डेटाबेस उठताना अर्धवट व्यवहार निस्तरत बसतो आणि तोवर त्याची स्थिती ‘सुरू होत आहे’ म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्हेटिंग’ असते. इज-अ‍ॅक्टिव्ह तेव्हाही ० देत नाही. घाईची स्क्रिप्ट ‘बंद आहे’ समजून रीस्टार्ट मारते आणि निस्तरणे पहिल्यापासून सुरू होते. म्हणून ‘अ‍ॅक्टिव्हेटिंग’ दिसली की थांबून पुन्हा पाहावे. सुरू होण्याची मुदत मुळात ९० सेकंद असते, ती मोठ्या डेटाबेसला वाढवून द्यावी. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून पाहिलेली सेवा सिस्टमडी पुढे सुरूच करत नाही. आधी मूळ कारण काढावे, मग ‘रीसेट-फेल्ड’ने अपयशाची नोंद पुसावी.

दुसरा खड्डा अ‍ॅन्सिबलच्या हँडलरचा, म्हणजे बदल झाला तरच चालणाऱ्या कामाचा. कॉन्फिगची (सेवेच्या मांडणीची) फाइल बदलली तरच हँडलर सेवा रीस्टार्ट करतो, आणि तेही बहुधा प्लेच्या (मशीनवर चालवायच्या कामांच्या यादीच्या) शेवटी. मधेच गावचे नेट गेले तर फाइल बदललेली, सेवा जुन्याच कॉन्फिगवर! पुढच्या फेरीत फाइलमध्ये बदल नसल्याने हँडलरला कोणी हाक मारत नाही. ‘फोर्स हँडलर्स’ (मधे काम फसले तरी हँडलर चालवणे) इथे कामाचे नाही, कारण मशीन पोहोचेच्या बाहेर असते. फाइल टाकल्याबरोबर ‘फ्लश हँडलर्स’ (थांबलेले हँडलर लगेच चालवणे) केल्यास हा धोका बराच कमी होतो. एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हर सेवेला रीस्टार्टऐवजी रीलोड (बंद न करता कॉन्फिग पुन्हा वाचणे) द्यावा, तोही ‘एनजिनएक्स -टी’ ही कॉन्फिगची चाचणी पास झाल्यावरच.

अट सेवेच्या युनिट फाइलमध्येही (सेवा कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) लिहिता येते. ‘कंडिशन’ने सुरू होणारी अट पुरी झाली नाही तर सिस्टमडी सेवा गुपचूप वगळते, ‘असर्ट’ असेल तर ते अपयश म्हणून नोंदवले जाते. लाईन असतानाच बॅकअप चालावा म्हणून ‘कंडिशन एसी पॉवर’ लावतात. लॅपटॉपवर ते जमते. इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपला मात्र वीज गेल्याचे कळतच नाही, आणि एसी जोडणीची माहिती नसली की ही अट पुरी झाली असेच धरले जाते. तिथे यूएसबीने जोडलेला यूपीएस आणि नेटवर्क यूपीएस टूल्स (यूपीएसची स्थिती वाचणारी प्रणाली) हवे: तिच्यातल्या ‘यूपीएससी’ कमांडच्या उत्तरात ‘ओएल’ आले तर लाईन आहे, ‘ओबी’ आले तर बॅटरीवर चालले आहे, बॅकअप पुढे ढकलावा.