पुकेकुराची राखण: तंबूपासून वेबकॅमपर्यंत

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ड्युनेडिन शहराला लागून ओटागो द्वीपकल्प आहे. त्याच्या अगदी टोकाच्या कड्याला माओरी लोक पुकेकुरा म्हणतात. नकाशात त्याचं नाव ताइआरोआ हेड. तिथल्या एका घरट्यावर कॅमेरा रोखलेला असतो आणि नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं एक पिल्लू जगभरची माणसं रात्रंदिवस पाहत असतात. आपल्याकडे मध्यरात्र उलटते तेव्हा तिथे सकाळ झालेली असते, त्यामुळे पक्ष्यांच्या नादापायी जागरणं होतात. पण या कड्यावर पक्ष्यांकडे टक लावून बसण्याची रीत कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. ती रीत नसती, तर इथे पाहायला पक्षीच उरले नसते.

या जातीचे बहुतेक सगळे पक्षी दूरच्या चॅटम बेटांजवळच्या निर्मनुष्य खडकांवर वीण घालतात. पुकेकुरावर पहिलं अंडं सापडलं ते १९२०च्या सुमारास. पुढची कितीतरी वर्षं इथून एकही पिल्लू उडालं नाही. माणसं अंडी उचलून नेत, आणि माणसांनीच या देशात आणलेली मांजरं नि मुंगसासारखे दिसणारे फेरेट पिल्लांचा फडशा पाडत. १९३६च्या सुमारास लान्स रिचडेल नावाच्या शिक्षकाने यात लक्ष घातलं. पक्षिशास्त्र हा त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. तरी माळ्यावर बसून शेत राखावं तसा तो कड्यावर तंबू ठोकून घरटं राखत राहिला. सप्टेंबर १९३८मध्ये इथलं पहिलं पिल्लू सुखरूप उडालं.

रिचडेलने १९३७मध्ये एका प्रौढ मादीच्या पायात कडं घातलं होतं. पुढे तिला ‘ग्रँडमा’ म्हणू लागले. ती १९८०च्या दशकाच्या अखेरपर्यंत इथे येत राहिली. तेव्हा तिचं वय साठीपुढे असावं, असा अंदाज आहे. अल्बट्रॉस इतकं जगतो हे जगाला कळलं ते पायातल्या एका साध्या कड्यामुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवणाऱ्या माणसांमुळे. आजही प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी असतात, आणि कॅमेऱ्यासमोर बसणारे लोक रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच नर-मादीला ओळखतात.

१९७२मध्ये पक्ष्यांची ही वसाहत पर्यटकांना खुली झाली. २०१६मध्ये न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याने कॅमेरा बसवला; पुढे कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळाही सोबत आली. पहिल्या वर्षीच्या पिल्लाचं नाव होतं मोआना.

हंगाम लांबलचक असतो. नोव्हेंबरच्या आसपास एकच अंडं, आणि आईबाप आळीपाळीने ते सुमारे ८० दिवस उबवतात. कवच फुटायला लागल्यापासून पिल्लू बाहेर यायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात माशा त्याच्यावर अंडी घालू शकतात. म्हणून संवर्धन खात्याचे रक्षक खरं अंडं उबवणी यंत्रात नेतात आणि पक्ष्याच्या पोटाखाली नकली अंडं सरकवतात. पक्षी त्यावर निवांत बसून राहतो. पिल्लू धडधाकट बाहेर आलं की ते परत घरट्यात ठेवतात. कडक उन्हात, वारा पडला असेल तर, पाण्याचे फवारे सोडून पक्ष्यांना गारवा देतात. एवढी ढवळाढवळ कशाला, असं कुणी म्हणेल. पण मुख्य भूमीवरच्या एवढ्याशा वसाहतीत एकेक पिल्लू मोलाचं आहे, म्हणून मला ती योग्यच वाटते.

पाचेक आठवडे पालकांपैकी एकजण पिल्लापाशी बसतो. मग दोघंही समुद्रावर जातात आणि फक्त भरवायला येतात. एकटं पिल्लू काड्या-गवत ओढून आजूबाजूला आपली घरटी मांडत बसतं, आणि हा भाग बघताना वेळेचं भान राहत नाही. साधारण आठ महिन्यांचं झालं की चांगला वारा साधून ते उडतं आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जातं. पुढची काही वर्षं ते जमिनीला पाय लावत नाही.

समुद्रावर मात्र राखण करायला कुणी नाही. लांब दोरांच्या मासेमारीतल्या गळांना अल्बट्रॉस अडकून मरतात. एखादा पालक परतला नाही, तर कड्यावर त्याचा पत्ता लागतो तो जोडीदाराच्या एकट्याच्या खेपांवरून आणि पिल्लाच्या घटत्या वजनावरून. रक्षक पिल्लांचं वजन नियमित करतात. ते कमी भरलं, की स्वतःच्या हाताने मासे भरवायला लागतात.