असिंक्रोनस शोध (टाइपस्क्रिप्ट)

यादीतल्या नोंदी, किंवा त्या नोंदींना लावायच्या कसोटीचे उत्तर, लगेच हाती नसताना कसोटीला उतरणारी पहिली नोंद शोधून काढणे म्हणजे असिंक्रोनस शोध. फाइल डिस्कवर आहे का, सर्व्हर चालू आहे का, गोदामात माल शिल्लक आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे यायला वेळ लागतो. जावास्क्रिप्टमध्ये असे येणे असलेले उत्तर ‘प्रॉमिस’ या ऑब्जेक्टमधून मिळते. टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टला टाइपची (मूल्यांच्या प्रकारांची) तपासणी जोडणाऱ्या भाषेत, या शोधासाठी एक छोटे युटिलिटी फंक्शन लिहितात किंवा तयार पॅकेज वापरतात.

अ‍ॅरेत, म्हणजे यादीत, कसोटीला उतरणारी पहिली नोंद शोधणारी ‘फाइंड’ ही मेथड आणि प्रॉमिस, दोन्ही एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या २०१५ च्या आवृत्तीत आल्या. पण फाइंडला प्रॉमिससाठी थांबणे शिकवलेले नव्हते. २०१७ मध्ये फंक्शनला प्रॉमिसच्या उत्तरासाठी थांबू देणारे ‘असिंक-अवेट’ आले आणि कसोटीचे फंक्शन असिंक लिहिणे सहज झाले. तिथूनच या विषयातली सर्वांत फसवी चूक सुरू होते.

समजा, दहा गोदामांची यादी आहे, जवळचे आधी. प्रत्येकाला नेटवर्कवरून ‘माल आहे का’ असे विचारणारे असिंक फंक्शन कोणी थेट फाइंडला दिले. फाइंडच्या हाती हो किंवा नाही येत नाही, प्रॉमिस येते. प्रॉमिस हे ऑब्जेक्ट असल्यामुळे अटीत ते नेहमीच ‘खरे’ धरले जाते, मग त्यातून पुढे ‘नाही’ निघो. परिणामी पहिलेच गोदाम परत मिळते, रिकामे असले तरी. एरर येत नाही, प्रोग्राम थांबत नाही. पहिल्या गोदामात माल असतो त्या दिवशी उत्तर बरोबरही येते, म्हणून ही चूक चाचणीत निसटते.

इथे टाइप अडवतील अशी अपेक्षा असते. ‘इफ’च्या अटीत अवेट विसरले, तर टाइपस्क्रिप्टचा कम्पायलर ४.३ या आवृत्तीपासून, ‘स्ट्रिक्ट नल चेक्स’ ही सेटिंग चालू असताना, ते प्रॉमिस नेहमीच खरे ठरेल असे सांगून अडवतो. फाइंडच्या बाबतीत मात्र तो गप्प राहतो. प्रमाण टाइप-फाइलमध्ये फाइंडच्या कसोटीचा परतावा बूलियन (खरे किंवा खोटे) नव्हे तर ‘अननोन’ (कोणताही प्रकार) लिहिलेला आहे, आणि अननोनमध्ये प्रॉमिसही बसते. स्वतःचे युटिलिटी लिहिण्याचे खरे कारण हेच आहे. त्याच्या सहीतच (फंक्शन काय घेते आणि काय परत देते याच्या नोंदीत) लिहिता येते की कसोटी बूलियन किंवा बूलियनचे प्रॉमिस देईल, आणि निकाल ‘टी (नोंदीचा टाइप) किंवा अनडिफाइंड (काहीच न सापडणे)’ याचे प्रॉमिस असेल. मग निकाल अवेट न करता वापरू गेल्यास कम्पायलर तिथेच हटकतो. यादीतल्या नोंदीच प्रॉमिस असतील, तर आतला टाइप काढायला ४.५ या आवृत्तीत आलेला ‘अवेटेड’ कामी येतो.

सर्वांत सरळ रीत म्हणजे फॉर-ऑफ लूपमध्ये एकेकाला विचारायचे, अवेट करायचे आणि हो मिळताच परतायचे. क्रम टिकतो, नको ती विचारणा होत नाही. प्रत्येक उत्तराला २०० मिलिसेकंद लागले आणि माल दहाव्या गोदामात असला, तर मात्र २ सेकंद जातात. उलट, सर्वांना एकदम विचारून ‘प्रॉमिस ऑल’ने उत्तरे गोळा केली, तर वेळ सर्वांत सावकाश गोदामाइतकाच लागतो, पण दहाही विनंत्या जातात, आणि एक जरी फसली तरी सगळा शोध फसतो.

मधली वाट मोहक आहे : विनंत्या एकदम सोडायच्या, उत्तरे मात्र यादीच्या क्रमाने पाहायची. तिच्यात एक खड्डा आहे. तिसऱ्या गोदामाने हो म्हटले आणि फंक्शन परतले. नंतर सातव्याची विनंती फसली. ती फसगत ऐकायला आता कोणीच नाही. जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या नोड जेएसच्या १५ व्या आवृत्तीपासून अशी न हाताळलेली फसगत, वेगळे काही ठरवले नसेल तर, अख्खी प्रोसेसच बंद पाडते, म्हणजे योग्य उत्तर मिळाल्यावर प्रोग्राम कोसळतो. म्हणून प्रत्येक प्रॉमिसला ते सोडतानाच ‘कॅच’ (फसगत झेलणारे फंक्शन) जोडून ठेवावे लागते. नको झालेल्या विनंत्या थांबवायच्या असतील तर ‘अबॉर्ट कंट्रोलर’चा सिग्नल त्यांना आधीच द्यावा लागतो, कारण प्रॉमिस स्वतः रद्द होत नाही.

एक्मास्क्रिप्टच्या २०२१ च्या आवृत्तीतले ‘प्रॉमिस एनी’ अनेकदा या कामाला जुंपले जाते. ते यशस्वी झालेल्यांपैकी सर्वांत आधी आलेले उत्तर देते, यादीत सर्वांत आधी असलेले नव्हे. शिवाय ‘नाही’ हे उत्तरही त्याच्या लेखी यशच असते. जवळचे गोदाम हवे असेल तर ते चालणार नाही. कुठलेही चालणार असेल, तर ‘नाही’चे रूपांतर आधी फसगतीत करून ते वापरता येते.

सिंड्रे सोर्हुस यांच्या ‘पी-लोकेट’ या एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यातल्या) पॅकेजात क्रम राखायचा की नाही आणि एका वेळी किती विचारणा चालू ठेवायच्या, हे दोन्ही पर्याय आहेत. वेगळे काही सांगितले नाही तर क्रम राखला जातो, ही निवड योग्यच म्हणावी लागेल.

टाइप-गार्डची सोय मात्र इथे मिळत नाही. साध्या फाइंडला ‘ही नोंद अमुक प्रकारची आहे’ असे सांगणारी कसोटी दिली तर निकालाचा टाइपही तसाच अरुंद होतो. असिंक फंक्शनला टाइप-गार्ड होता येत नाही, त्यामुळे निकाल हाती आल्यावर प्रकार पुन्हा तपासावा लागतो. नोंदी एकेक करून येत असतील, उदाहरणार्थ पानापानाने उत्तर देणाऱ्या सेवेकडून, तर २०१८ पासूनचा ‘फॉर-अवेट’ लूप वापरतात. त्यातून मध्येच बाहेर पडले की पुढची पाने मागवली जात नाहीत. एक्मास्क्रिप्टच्या २०२५ च्या आवृत्तीत साध्या इटरेटरला (नोंदी एकेक करून देणाऱ्या ऑब्जेक्टला) फाइंड मिळाले, पण असिंक इटरेटरला त्या आवृत्तीत ते मिळाले नाही.