वाळवीपासून घराचे संरक्षण

वाळवीपासून घराचे संरक्षण : घराचे लाकूडकाम, कागदपत्रे, पुस्तके आणि सेल्युलोज (वनस्पतींचा तंतुमय घटक) असलेल्या इतर वस्तू वाळवीच्या तोंडी पडू नयेत म्हणून बांधकामाआधी, बांधकाम चालू असताना आणि राहत्या घरात करायचे उपाय. वाळवीला उधई असेही म्हणतात. ‘पांढरी मुंगी’ हे तिचे आणखी एक नाव, पण ते दिशाभूल करणारे आहे. मुंग्या वाळवीच्या हाडवैरी आहेत आणि वाळवीचे खरे नाते आहे झुरळांशी. पूर्वी वाळवीचा स्वतंत्र गण (प्राण्यांच्या वर्गीकरणातील एक गट) मानत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानंतर ती झुरळांच्या गणातच धरली जाऊ लागली. जगात वाळवीच्या सुमारे 3,000 जाती आहेत. घरांना उपद्रव देणाऱ्या जाती त्यांत फार थोड्या. बाकीच्या रानात पडलेले लाकूड आणि पाचोळा खाऊन त्याची माती करतात. रानातला ओंडका आणि घराची चौकट यांत वाळवीला फरक कळत नाही, तंटा एवढाच आहे.

कामकरी वाळवीचे अंग मऊ आणि कातडी पातळ असते. कोरड्या, उघड्या हवेत ती थोड्या वेळात सुकून मरते. म्हणून ती उघड्यावर सहसा फिरत नाही. जमिनीतून लाकडापर्यंत जायचे तर माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती पेन्सिलीच्या जाडीची नळी बांधते आणि तिच्या आतून ये-जा करते. नळीत ओल टिकते, अंधार असतो आणि मुंग्यांपासून आडोसा मिळतो. घर राखण्याची बहुतेक सगळी विद्या याच दुबळेपणावर उभी आहे. वाळवीला मातीपासून लाकडापर्यंत झाकलेला, ओलसर रस्ता लागतो. तो तोडता आला तर उत्तमच. नाही तोडता आला, तर निदान आपल्या नजरेस पडेल अशा जागेवरून तो न्यायला तिला भाग पाडावे. ‘वाळवी येणारच नाही असे घर’ बांधणे अवघड आहे. ‘आली तर दिसेल असे घर’ बांधणे तेवढे अवघड नाही, आणि खर्च व श्रम तिकडेच वळवलेले बरे.

घराच्या दृष्टीने वाळवीचे मुख्य प्रकार दोन. पहिली जमिनीतली वाळवी. तिची वसाहत मातीत असते, एका वसाहतीत हजारोंपासून काही लाखांपर्यंत कीटक असू शकतात आणि घरांचे सर्वाधिक नुकसान तीच करते. दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. तिला मातीशी संबंधच लागत नाही. एखाद्या खुर्चीत किंवा तुळईत तिची सगळी वसाहत मावते. त्यामुळे ती सामानाबरोबर समुद्रही ओलांडते. लाकडाबरोबर वाळवी कुठवर जाते याचे जुने उदाहरण दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटाचे आहे. गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका पकडलेल्या जहाजाच्या लाकडातून 1840 च्या सुमारास तेथे वाळवी उतरली आणि पुढच्या काही दशकांत जेम्सटाउन गावातील इमारतींचे लाकूडकाम तिने पोखरून काढले.

लक्षणे : वाळवी लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. रंग दिलेली चौकट बाहेरून धडधाकट दिसते. बोटाने दाबली की बोट आत जाते आणि मागे मातीने लिंपलेली पोकळी निघते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकटीवर खालून वर ठोकत जावे. भरीव लाकूड ठणठणीत वाजते, पोखरलेले बद्द. आवाज बदलला तेथे खूण करावी. जोत्यावर, भिंत आणि फरशीच्या सांध्यात, पाइपाच्या कडेने, कपाटामागे मातीची नळी दिसते का पाहावे. नळी सापडली तर ती सगळी खरवडून टाकण्याचा मोह होतो, पण मधला दोन बोटांचा तुकडाच मोडावा. काही दिवसांत तो पुन्हा लिंपलेला दिसला तर वाळवी आत आहे. तसाच राहिला तर रस्ता बहुधा सोडून दिलेला असतो, पण तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

दमट हवेत, बहुधा पावसानंतर, पंख असलेल्या वाळव्या वसाहतीतून बाहेर पडतात, दिव्याभोवती जमतात आणि पंख टाकून देतात. सकाळी खिडकीशी सापडणाऱ्या पंखांचा ढीग झाडून टाकण्याआधी नीट बघावा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीचे पुढचे मोठे, मागचे लहान. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीची कंबर जाड आणि मिशा सरळ. खिडकी उघडी असेल तर हे कीटक बाहेरून आलेले असू शकतात. खिडक्या बंद असताना घरातच पंख सापडले, तर वसाहत इमारतीत आहे असे समजावे.

बांधकामातील उपाय : पाया भरताना शटरिंगच्या (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या) फळ्यांचे तुकडे, खुंट्या, झाडांची मुळे आणि सिमेंटच्या कागदी पिशव्या भरावात गाडल्या जातात. फरशीखाली वाळवीला असे आयते जेवण मांडून ठेवले की ती वर येणार नाही तर काय! जोत्याच्या भरावात लाकडाचा कपटाही राहू नये. बाहेरच्या मातीपासून लाकूडकाम किमान 15 सेंटीमीटर उंच ठेवावे. लाकडी खांब थेट जमिनीत न रोवता काँक्रीटच्या किंवा दगडी बैठकीवर उभा करावा. पुढे बागेची माती भिंतीलगत चढत जाते आणि जोते झाकून टाकते. ही चूक घर बांधून झाल्यावर होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जोत्याची एक पट्टी कायम उघडी राहिली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून चढणारी नळी दिसेल.

पाया आणि लाकूड यांच्यामध्ये पत्र्याची झालर बसवण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. पत्रा वाळवीला अडवतोच असे नाही. तो तिला वळसा घालून बाहेर यायला लावतो. स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची छिद्रे वाळवीच्या डोक्याहून लहान असतात, त्यामुळे ती पाइपांभोवती आणि सांध्यांवर घालतात. विशिष्ट मापाच्या खडीचा थर हा आणखी एक अडसर. साधारण 1.7 ते 2.4 मिलिमीटर आकाराचे कण वाळवीला उचलून नेता येत नाहीत आणि त्यांच्यामधल्या फटीतून शिरताही येत नाही. मात्र बारीक आणि फार जाड कणांची सरमिसळ झाली की हा थर निरुपयोगी ठरतो. आणि या सगळ्याच्या आधी पाणी : गळका नळ, तुंबलेली पन्हाळ, भिंतीशी साचणारे पावसाचे पाणी. ओल असेल तर जमिनीतली वाळवी मातीशी संबंध न ठेवता वरच्या मजल्यावरही तग धरू शकते.

लाकडाची निवड महत्त्वाची असली तरी तिचा गवगवा जास्त होतो. सागवानाला वाळवी लागत नाही हे अर्धेच खरे. टिकाऊपणा झाडाच्या गाभ्यातील लाकडात असतो. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी वाळवी खाते. प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या तर ती खातेच. बोरेट क्षार मुरवलेले लाकूड घरात चांगले टिकते, पण पावसात भिजत राहिल्यास क्षार धुऊन जातात.

रासायनिक उपाय : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लोर्डेन, आल्ड्रिन, डायल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही कीटकनाशके पायाच्या मातीत ओतत. ती मातीत दशकानुदशके टिकत. हाच त्यांचा गुण आणि हाच दोष, कारण ती प्राण्यांच्या आणि माणसांच्या शरीरातही साठत. अमेरिकेत क्लोर्डेनचा वाळवीसाठीचा वापर 1988 मध्ये बंद झाला आणि 2001 च्या स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या यादीत ही चारही रसायने आली. त्यांची जागा घेणारे क्लोरपायरिफॉसही 2025 मध्ये काही सवलतींसह त्या करारात घेतले गेले.

सध्याच्या द्रव्यांत दोन तऱ्हा आहेत. बायफेन्थ्रिनसारख्या द्रव्यांपासून वाळवी दूर पळते. थरात कोठे खंड राहिला असेल तर ती नेमकी तेथून शिरते. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड तिला जाणवत नाहीत. ती त्या मातीतून जाते, उशिरा मरते आणि तोवर इतरांच्या अंगाला विष लावते. बांधकामाच्या वेळी ही द्रव्ये भरावावर आणि पायाच्या कडेने देतात. राहत्या घरात भिंतीलगत फरशीला साधारण 30 सेंटीमीटर अंतराने छिद्रे पाडून द्रावण सोडतात आणि छिद्रे बुजवतात. नंतर नळ दुरुस्तीसाठी एक चर खणला की तेवढ्या जागी थर तुटतो, हे पेस्ट कंट्रोलवाल्याला कळवायचे बहुधा राहून जाते. द्रावणाचे प्रमाण वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणेच असावे. विहीर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आमिष पद्धत याच्या उलट चालते. घराभोवती जमिनीत लाकूड किंवा सेल्युलोज ठेवलेल्या नळकांड्या पुरतात आणि त्यात कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करणारे हेक्झाफ्लुम्युरॉनसारखे द्रव्य घालतात. वाळव्या एकमेकींना तोंडाने अन्न भरवतात, त्यामुळे ते वसाहतभर पसरते. पुढची कात टाकताना कामकरी मरतात आणि पोसणारे कोणी न उरल्याने वसाहत कोसळते. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. असे आमिष 1995 मध्ये प्रथम बाजारात आले.

रॉकेल, मीठ, लिंबूवर्गीय तेल या घरगुती उपायांनी अंगावर पडलेली वाळवी मरते, वसाहत मात्र जिथल्या तिथे राहते. दिसलेल्या नळीवर फवारा मारणे त्याहून वाईट, कारण वाळवी तो रस्ता सोडून न दिसणारा दुसरा धरते.

कोरड्या लाकडातील वाळवीला मातीतले उपाय लागू पडत नाहीत. तिची खूण म्हणजे लाकडाखाली सांडलेली, खसखशीसारखी बारीक विष्ठा; भिंगाखाली तिचे दाणे सहा बाजूंचे दिसतात. छोटी वस्तू असेल तर ती तापवतात. लाकडाच्या गाभ्याचे तापमान सुमारे 49 अंश सेल्सिअसवर अर्धा तास राहावे लागते. घरभर पसरली असेल तर इमारत झाकून सल्फ्युरिल फ्लोराइड वायूची धुरी देतात, पण वायू निघून गेल्यावर नवी वाळवी येण्यास काहीच आडकाठी राहत नाही.

पोखरलेली चौकट लगेच उखडून नवी बसवण्याची घाई करू नये. तिच्यामागचा गिलावा काढून नळी कोठून येते ते पाहावे, उपचार करावा आणि भिंतीचा तेवढा भाग काही आठवडे उघडाच ठेवावा. नळी पुन्हा उगवली नाही, ओल सुकली, मगच सुतार बोलवावा. आणि नव्या चौकटीचा भिंतीत जाणारा भाग बसवण्याआधीच संरक्षक द्रावणात बुडवून घ्यावा, कारण एकदा गिलावा झाला की ब्रश तेथवर पोहोचत नाही.