मेंदूचा तुकडा काढता येत नाही तेव्हा

कर्करोगाची शंका आली की गाठीचा छोटा तुकडा काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि काही दिवसांत उत्तर हाती येतं. स्मृतिभ्रंशात ही सोय नाही. नावं आठवत नाहीत म्हणून कुणी मेंदूची बायोप्सी करत नाही. शिवाय लक्षणं दिसायला लागतात तेव्हा उशीर झालेलाच असतो: अल्झायमरमध्ये अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत साचायला लागतं ते पहिल्या लक्षणाच्या साधारण १५ ते २० वर्षं आधी. म्हणजे आजार सुरू होतो तेव्हा रुग्ण रुग्ण नसतो, आणि तो रुग्ण होतो तेव्हा मेंदू उघडून बघता येत नाही.

या अडचणीला भिडण्यासाठी ब्रिटनने २०१७ मध्ये ‘यूके डिमेन्शिया रिसर्च इन्स्टिट्यूट’ सुरू केली. सुरुवातीचा निधी २५ कोटी पौंड. त्यातले १५ कोटी सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलचे, उरलेले अल्झायमर्स सोसायटी आणि अल्झायमर्स रिसर्च यूके या दोन धर्मादाय संस्थांचे. मुख्यालय लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आणि केंद्रं केंब्रिज, कार्डिफ, एडिंबरा आणि लंडनमधली इम्पीरियल व किंग्ज ही कॉलेजं अशी पसरलेली. अल्झायमरखेरीज फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, हंटिंग्टन, मोटर न्यूरॉन आजार हेही तिच्या कक्षेत येतात, कारण या सगळ्यांत चुकीची घडी पडलेली प्रथिनं साचतात आणि चेतापेशी मरतात. प्रत्यक्षात तिचं काम म्हणजे मेंदूचे पर्याय तयार करणं. दानातून आलेला मेंदू, बशीतल्या पेशी, उंदीर, रक्ताची नळी. यातला प्रत्येक पर्याय कुठे ना कुठे खोटं बोलतो, आणि तो नेमका कुठे बोलतो हे माहीत असणं हीच या क्षेत्रातली खरी विद्या.

सर्वांत जुना पर्याय मेंदूपेढीचा. दान केलेल्या मेंदूचे उभे दोन भाग करतात. एक भाग काही आठवडे फॉर्मलिनमध्ये ठेवतात. तो घट्ट होतो, त्याचे पातळ काप काढून रंगवता येतात. दुसऱ्या भागाच्या साधारण १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून त्या उणे ८० अंशांवर गोठवतात. दोन्ही लागतात. फॉर्मलिन आकार टिकवतं पण आरएनए, म्हणजे कोणती जनुकं चालू होती हे सांगणारा रेणू, बिघडवतं, तर गोठवलं की आरएनए टिकतो पण बर्फाचे स्फटिक पेशींचा आकार मोडतात. चूक होते ती आणखी वेगळ्याच जागी. मृत्यूआधी माणूस बराच वेळ तापात किंवा प्राणवायू कमी पडलेल्या अवस्थेत असेल तर मेंदूत आम्ल साचतं, पीएच उतरतो आणि आरएनए तुटतो. अभ्यासकाने हे तपासलं नाही तर शेवटच्या न्यूमोनियाचा परिणाम तो अल्झायमरच्या खात्यावर लिहून मोकळा होतो. निरोगी मेंदूंचा तुटवडा तर कायमचाच. आजार ज्यांच्या घरात आहे ते नोंदणी करतात. बाकीच्यांना ते सुचत नाही.

तरीही मेंदूपेढीला तोड नाही, याचा पुरावा केंब्रिजमधल्याच मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेने दिला. २०१७ मध्ये मिशेल गुडर्ट आणि श्योर्स शेरेस यांच्या गटाने अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतले टाऊ या, चेतापेशींच्या आत साचणाऱ्या प्रथिनाचे तंतू क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहणारं यंत्र) जवळजवळ अणूंच्या पातळीवर पाहिले. पुढच्या काही वर्षांत कळलं की टाऊ तेच, पण पिक आजारात (हा फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) त्याची घडी वेगळी आणि वारंवार डोक्याला मार बसलेल्यांच्या मेंदूत आणखी वेगळी. मग सर्वांना खटकणारी गोष्ट समोर आली: प्रयोगशाळेत हेपरिन हे रक्त गोठू न देणारं द्रव्य टाकून झटपट बनवलेले टाऊचे तंतू यांपैकी कोणत्याच घडीशी जुळत नव्हते. कित्येक वर्षं कित्येक प्रयोग ज्या तंतूंवर झाले, ते मानवी आजारातले नव्हतेच.

दुसरा पर्याय जिवंत पेशींचा. रुग्णाच्या त्वचेचा किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा, त्यातल्या पेशींमध्ये चार जनुकं सक्रिय करून त्यांना मूलपेशी बनवायचं (जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरांत दाखवलेली युक्ती) आणि मग काही महिने वाढवून त्यांतून चेतापेशी घडवायच्या. रुग्णाची जनुकं त्यांत जशीच्या तशी येतात, हा मोठा फायदा. तोटा वयाचा. मूलपेशी करताना पेशीचं घड्याळ शून्यावर जातं, त्यामुळे सत्तरीच्या रुग्णापासून बनवलेली चेतापेशी वागते गर्भातल्या पेशीसारखी. प्रौढ मेंदूत टाऊचे सहा प्रकार असतात. बशीतल्या या पेशी बराच काळ मुख्यतः एकच, सर्वांत आखूड प्रकार बनवतात. म्हातारपणाचा आजार बाळाच्या पेशीत शोधायचा असा हा मामला!

उंदरांचं उलटं. अमायलॉइडच्या गाठी त्यांच्यात सहज तयार करता येतात, पण त्यामागोमाग माणसासारखी टाऊची गुंतवळ होत नाही आणि पेशीही तशा मरत नाहीत. म्हणून ‘उंदरांत बरा झाला’ ही बातमी अल्झायमरबाबत इतक्यांदा फसली. संस्थेचे पहिले संचालक बार्ट डी स्ट्रूपर यांच्या गटाने २०२३ मध्ये दोन्ही पर्याय एकत्र केले: अमायलॉइड साचणाऱ्या उंदराच्या मेंदूत मानवी चेतापेशी रोवल्या. गुंतवळ मानवी पेशींत झाली आणि मेल्याही त्याच. आजूबाजूच्या उंदराच्या पेशी तगल्या. मरणाऱ्या पेशींत एमईजी-३ नावाचा आरएनए वाढलेला आढळला. तो नेक्रॉप्टोसिस हा पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणाचा मार्ग चालू करतो. तो मार्ग अडवल्यावर पेशी वाचल्या. अमायलॉइडपासून पेशीच्या मरणापर्यंतच्या साखळीतली एक हरवलेली कडी अशी हाती लागली.

एडिंबरामध्ये याहून थेट वाट काढली आहे. मेंदूतली गाठ काढताना तिथवर पोहोचण्यासाठी शल्यविशारदाला थोडी निरोगी ऊती काढावीच लागते. एरवी ती फेकली जाते. रुग्णाची संमती असेल तर ती ऊती प्राणवायू मिसळलेल्या थंड द्रावात घालून लगोलग प्रयोगशाळेत नेतात, एक तृतीयांश मिलिमीटरहून पातळ काप काढतात आणि ते सुमारे दोन आठवडे जिवंत ठेवतात. प्रौढ मानवी मेंदू, त्यातल्या जोडण्यांसकट. मर्यादा उघड आहे: दोन आठवड्यांत वीस वर्षांचा आजार दिसत नाही, आणि नमुना शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकानेच मिळतो.

जनुकांबद्दल थोडक्यात. अल्झायमरचा धोका वाढवणारी कित्येक जनुकं चेतापेशींपेक्षा मायक्रोग्लियात, म्हणजे मेंदूतल्या सफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींत जास्त काम करतात. ट्रेम-२ हे त्यातलं ठळक उदाहरण. पेशी का मरतात यासोबत सफाई का थांबते हा प्रश्नही त्यामुळे पुढे आला.

आता रक्ताकडे, कारण रोजच्या उपचारांत सर्वांत लवकर पोहोचेल ते हेच. टाऊच्या साखळीतल्या २१७ व्या जागी फॉस्फेट जोडलेला प्रकार, म्हणजे पी-टाऊ २१७, मेंदूत अमायलॉइड साचत असेल तर रक्तात वाढतो. प्रमाण किती, तर मिलिलिटरमागे एका पिकोग्रॅमच्या आसपास. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हेन्रिक झेटरबर्ग यांची लंडनमधली प्रयोगशाळा अशा मोजमापांत आघाडीवर आहे. या कामासाठी वापरात असलेल्या एका तंत्रात प्रतिपिंड चिकटवलेले चुंबकीय मणी रक्तद्रवात सोडतात आणि मग एकेक मणी स्वतंत्र सूक्ष्म खळग्यात बसवतात. ज्या मण्याने रेणू पकडला तो खळगा उजळतो. यंत्र एकूण प्रकाश मोजत बसत नाही, उजळलेले खळगे मोजतं.

यंत्र इतकं संवेदनशील असलं की चुका यंत्राच्या आधी होतात. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन लावलेल्या नळीत घ्यायचं. सायट्रेटच्या नळीत द्रव आधीच असल्याने रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. नळी हलकेच उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. मग सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण १० मिनिटं फिरवून वरचा द्रव पॉलिप्रॉपिलीनच्या छोट्या कुप्यांत काढायचा. काच आणि पॉलिस्टायरीन टाळायचं, कारण अमायलॉइड तिथल्या भिंतीला चिकटतं आणि तेवढं मोजणीतून गळतं. कुप्या उणे ८० अंशांवर. रक्त खोलीच्या तापमानाला दिवसभर राहिलं तर अमायलॉइडचा आकडा घसरतो. पी-टाऊ त्या मानाने चिवट, आणि त्याची लोकप्रियता बरीचशी या चिवटपणामुळे आहे असं आम्हाला वाटतं. पुन:पुन्हा वितळवून गोठवायचं नाही, म्हणूनच कुप्या छोट्या आणि अनेक.

एवढं करूनही आकडा फसवू शकतो. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर पी-टाऊ वाढलेला दिसतो. आकडा खरा असला तरी तो अमायलॉइडबद्दल सांगतो, विसरण्याच्या कारणाबद्दल नाही. ऐंशीच्या घरातल्या अनेकांच्या मेंदूत अमायलॉइड असतं आणि स्मरण शाबूत असतं. त्यामुळे तक्रार नसलेल्याने हौसेने ही चाचणी करू नये. स्मृती-चिकित्सालयात आधी इतिहास, स्मरणचाचणी, थायरॉइड, बी-१२, मेंदूचा स्कॅन. मग हा आकडा.

संस्थेचं एक केंद्र मात्र मेंदूऐवजी घर मोजतं. इम्पीरियलमध्ये डेव्हिड शार्प यांच्या गटाची ‘माइंडर’ ही यंत्रणा रुग्णाच्या घरात बसवतात: खोल्यांत हालचालीचे संवेदक, दारावर एक, किटलीसारख्या उपकरणांच्या प्लगमध्ये एक, गादीखाली झोप आणि श्वास टिपणारी पट्टी. मुख्य लक्ष्य मूत्रमार्गाचा संसर्ग. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण त्यापायी वारंवार रुग्णालयात पोहोचतात, कारण जळजळ होते आहे हे त्यांना सांगता येत नाही. अचानक गोंधळ वाढतो आणि घरच्यांना वाटतं आजारच बळावला. रात्रीच्या बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या, झोप मोडली, की प्रणाली इशारा देते. पण हालचालीचा संवेदक माणूस ओळखत नाही. घरात जोडीदार असेल, मुक्कामी पाहुणे आले असतील, तर फेऱ्या कुणाच्या ते त्याला कळत नाही. प्रणाली शिकते तीही फक्त लघवीच्या तपासणीने पक्क्या ठरलेल्या संसर्गांवरून, आणि अशा खात्रीच्या नोंदी थोड्याच असतात. म्हणून इशारा आला की औषध सुरू करत नाहीत. देखरेखीवरचा माणूस घरी फोन करतो, कोण कोण राहायला आहे ते विचारतो आणि लघवीचा नमुना मागवतो.