नेता (संस्कृत नाट्यशास्त्र)

नाट्यकृतीतील प्रधान पुरुष. मराठीत ‘नायक’ ही संज्ञा रूढ आहे. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात मात्र वस्तू (कथानक), नेता आणि रस ही रूपकांमध्ये (नाट्यप्रकारांमध्ये) भेद करणारी तीन तत्त्वे म्हणून येतात. ज्याला कथानकाच्या फळाचे स्वामित्व मिळते तो अधिकारी, हे सूत्रही तेथेच आहे. नेत्याचे गुण सांगताना धनंजय विनयापासून सुरुवात करतो. माधुर्य, त्याग, दक्षता आणि लोकांचे प्रेम यांचा उल्लेख शौर्याच्या आधी येतो.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’चा काळ साधारणपणे इ. स. पू. 200 ते इ. स. 200 असा धरतात. त्याचे आजचे रूप एकाच काळातले नसावे. नेत्याचे धीरोदात्त (थोर व स्थिर), धीरललित (निश्चिंत व कलासक्त), धीरोद्धत (गर्विष्ठ व उग्र) आणि धीरप्रशांत (शांत स्वभावाचा) हे चार प्रकार त्यात आहेत, पण त्यांची वाटणी उत्तरकालीन वाचकाला अनपेक्षित वाटेल अशी आहे: देव उद्धत, राजे ललित, सेनापती व अमात्य उदात्त, ब्राह्मण व वणिक प्रशांत. नाटकाचा नायक प्रख्यात व उदात्त राजर्षी असावा, असेही हाच ग्रंथ अन्यत्र सांगतो. ही विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. अभिनवगुप्ताने (इ. स. सुमारे 1000) तेथील ‘उदात्त’ शब्दाचा अर्थ व्यापक घेऊन चारही प्रकार त्यात सामावले. ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र-गुणचंद्र (12 वे शतक) यांनीही राजाला एकाच प्रकारात बांधणाऱ्यांचा प्रतिवाद केला. हीच दिशा अधिक सयुक्तिक वाटते.

‘दशरूपक’ दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्याचा परमार राजा मुंज याच्या आश्रयाने रचले गेले. त्यावरील ‘अवलोक’ टीकेचा कर्ता धनिक हा धनंजयाचा भाऊ असावा. दोघे एकच, हे मत आता फारसे मानले जात नाही. नेत्याच्या कल्पनेचा सर्वांत सखोल विचार या टीकेत आहे.

नायक धीरोदात्त की धीरप्रशांत, या वादाचे निमित्त हर्षाचे ‘नागानंद’ नाटक (7 वे शतक). त्यातील विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन राज्याची ओढ सोडून आई-वडिलांच्या सेवेसाठी वनात जातो आणि शंखचूड नागाच्या जागी स्वतःचा देह गरुडाला देतो. पूर्वपक्ष (खोडून काढायचे मत) असा: सर्वांहून वरचढ होणे म्हणजे औदात्त्य, आणि ते विजयाची इच्छा धरणाऱ्यालाच शोभते, जीमूतवाहनाला ती इच्छाच नाही, म्हणून तो प्रशांत. धनिकाचे उत्तर असे की, शौर्य, त्याग, दया अशा कोणत्याही गुणाने जो इतरांच्या पुढे जातो तो विजिगीषू. दुसऱ्याचे नुकसान करून धन मिळवणे हाच विजिगीषेचा अर्थ घेतला, तर वाटमाऱ्यालाही धीरोदात्त म्हणावे लागेल. शिवाय मलयवतीवरील प्रेम आणि शेवटी मिळणारे विद्याधरांचे चक्रवर्तिपद प्रशांतपणाशी जुळत नाही. ‘ध्वन्यालोक’कार आनंदवर्धनाने या नाटकात शांत रस मानला होता. धनिकाच्या मते तो दयावीर, म्हणजे दयेतून प्रकटणारा वीररस. रसाविषयीचा वाद खुला ठेवता येतो. नेत्याच्या बाबतीत मात्र धनिकाचे म्हणणे टाळता येण्यासारखे नाही: सत्तेची आकांक्षा नेतृत्वाच्या व्याख्येतून बाजूला काढून त्याने त्यागाला तिच्या जागी बसवले. राजाश्रयाच्या जगात हे मांडले गेले, याचे मोल मोठे आहे.

धीरोदात्त इत्यादी नावे अवस्थेची आहेत, जन्मजात प्रकारांची नव्हेत, हेही धनिकच सांगतो. वासरू, गोऱ्हा आणि मोठा बैल ही जशी एकाच प्राण्याची नावे. भवभूतीच्या ‘महावीरचरिता’तील परशुराम रावणाबाबत उदात्त, रामापुढे उद्धत आणि पुढे शांत होतो. असा पालट गौण पात्रालाच चालतो. प्रधान नेत्याने आरंभीची वृत्ती टिकवावी.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त (काळाविषयी चौथ्या ते नवव्या शतकापर्यंत मते) फळाचा निकष अडचणीत येतो. राज्य स्थिर होते चंद्रगुप्ताचे, पण प्रत्येक हालचाल चाणक्याची. चंद्रगुप्ताला नायक मानणारा पक्ष शास्त्राला धरून आहे. नाटक वाचणाऱ्याला चाणक्याचा पक्ष पटतो.

शृंगारदृष्ट्या दक्षिण (सर्व प्रियांशी सारखा वागणारा), शठ (लपून फसवणारा), धृष्ट (उघड निर्लज्ज), अनुकूल (एकनिष्ठ) हे प्रत्येक प्रकाराचे चार पोटभेद. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त (14 वे शतक) अशा सोळा प्रकारांचे उत्तम, मध्यम, अधम या भेदांसह एकूण 48 प्रकार होतात. शोभा, विलास, माधुर्य, गांभीर्य, स्थैर्य, तेज, ललित, औदार्य हे नेत्याचे आठ सात्त्विक गुण. नायिकेचे वर्गीकरण मुख्यतः नायकाशी असलेल्या नात्यावरून झाले. तिच्या नेतृत्वाचा स्वतंत्र विचार या ग्रंथांत नाही.

मराठी रंगभूमीवर हा नेता अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मधून (1880) आला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’त (1899) शारदेचा म्हाताऱ्याशी ठरलेला विवाह थांबवणारा तरुण कोदंड आहे, पण नाटकाचे केंद्र त्या मुलीच्या दुःखात आहे.